पुलातलं मीठ

प्रयोगशाळेतली कुठलीच वस्तू जिभेला लावायची नसते, हे प्रतीक्षा दरवर्षी नव्या पोरापोरींना बजावून सांगायची, आणि दरवर्षी स्वतःच ते मोडायची. सवयच होती; बाई जशी रश्शाचा थेंब तळहातावर घेऊन मीठ बघते तशी. अमरावतीच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत सकाळच्या उन्हाची एक पट्टी टेबलावर पडली होती आणि त्या पट्टीत कुठल्याकुठल्या पुलांतून यंत्रानं कापून आणलेले काँक्रीटचे दंडगोल ओळीनं आडवे पडले होते. कोअर म्हणतात त्यांना इथं. एकाच्या बाहेरच्या तोंडावर पांढरी खरपुडी धरली होती. तिनं ती नखानं खरवडली, बोट जिभेला लावलं, आणि तिथंच थबकली. खारट लागणारच होतं. पण खारटपणाच्या मागून एक सपक, घशाला चिकटून बसणारी कडवट चव आली, आणि ही चव आपण कुठंतरी वर्षानुवर्षं गिळलेली आहे असं तिला वाटलं. कुठं, ते आठवायच्या आधीच डोळ्यांत पाणी आलं होतं.

“हा कोअर कुठला रे, नागसेन?”

नागसेन तिच्याबरोबर बरीच वर्षं काम करत होता. त्यानं मान वाकडी करून खडूची खूण वाचली. “बोरटेकचा हाये मॅडम. तुमच्या माहेराचाच न?”

माहेराचाच. बोरटेक म्हणजे अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. वर काळी कसदार माती आणि खाली जणू समुद्रच पुरून ठेवलेला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही, चहात दूध घातलं की फाटायचं. तिची आई सत्यभामा तिवस्याकडची, गोड पाण्यातली. लग्न होऊन आली त्या दिवशी पहिला घोट तोंडात धरून बसली होती म्हणे; गिळावा की थुंकावा, कळेना. “सासरचं पानी होतं बाई, गिळलं,” एवढंच ती सांगायची आणि हसायची. आई गेली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. नळ आला, पाइपलाइन आली, विहिरीचं पाणी कोणी तोंडात घेईनासं झालं. आणि ती चव इथं, या टेबलावर, एका पुलाच्या कापलेल्या हाडात जशीच्या तशी जागी होती.

नागसेननं कोअर फोडला आणि ताज्या तोंडावर नेहमीचा पहिला फवारा मारला. पाण्यासारखं बिनरंगी औषध. काँक्रीट आतून शाबूत असलं की गुलाबी होतं, मेलेलं असलं की तसंच राखाडी राहतं. तोंड भडक गुलाबी झालं. “गुलाल!” नागसेन म्हणाला. “पास झाला मॅडम तुमच्या बाबांचा पूल. पेढे आना.” हा त्याचा ठरलेला विनोद होता आणि ती त्यावर ठरल्यासारखी हसायची. आज तिनं न बोलता फुटलेला दुसरा अर्धा उचलला आणि त्यावर दुसरा फवारा मारला, चांदीच्या क्षाराचा, ज्यानं तिची बोटांची टोकं कायमची काळी पडलेली होती. हा फवारा मीठ दाखवतो. जिथं मीठ, तिथं पांढरं. दोघंही बघत राहिले. दुधाची साय धरावी तसा कडेपासून पार गाभ्यापर्यंत तो दगड पांढरा होत गेला.

बाहेरून शिरलेलं मीठ चोरासारखं असतं: ओसरीत सापडतं, माजघरात कमी, देवघरापर्यंत क्वचितच पोचतं. वेगवेगळ्या खोलीची पूड काढून तिनं कालच तपासली होती, नुसत्या नंबरावर, गावाचं नाव न बघता. आणि आकडा सगळीकडे सारखाच आला म्हणून यंत्र बिघडलं असेल असं समजून बाजूला ठेवला होता. यंत्र बिघडलेलं नव्हतं. हे मीठ शिरलेलंच नव्हतं. पूल कालवला तेव्हाच कोणीतरी पाण्यातून ते घातलं होतं. मीठ काँक्रीटला हात लावत नाही, वरून सगळं धडधाकट, गुलाबी. ते आतल्या सळईला धरतं, एका जागी, दातातल्या किडीसारखं. कोअरच्या पिशवीत त्याच पुलातल्या सळईचा एक तुकडाही आलेला होता. तिनं तो बाहेर काढला. चघळून टाकलेल्या कडुलिंबाच्या काडीसारखा तो मध्येच बारीक होत होत जवळजवळ संपला होता.

“कोनं घातलं असन हो एवढं मीठ?” नागसेन म्हणाला.

कोणी घातलं हे तिला माहीत होतं. गावातल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं, कारण दरवर्षी माघातल्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, बुवा कोणीही असोत, ती गोष्ट दृष्टांत म्हणून सांगितल्याशिवाय कीर्तन पुरं होत नसे. प्रतीक्षा तेव्हा दुसरीत होती. उन्हाळा असा की सावलीसुद्धा तापलेली. पुलाचा स्लॅब ओतायला घेतलेला, आणि तो एकदा सुरू केला की मध्ये थांबवता येत नाही, जोड राहतो. आणि गोड्या पाण्याचा टँकर अकोल्याहून येताना वाटेत कुठंतरी बसला. मुकादम डोक्याला हात लावून उभा. कित्येक पावसाळे नदीनं माणसं तोडली होती, बाळंतिणी अल्याड आणि डॉक्टर पल्याड असं झालं होतं, आणि आता हातातोंडाशी आलेला पूल अर्धा राहणार. तेव्हा तिचे वडील केशवराव धोतर खोचून पुढं झाले होते. मारुतीच्या पाराजवळच्या विहिरीपासून नदीपर्यंत माणसांची रांग लागली, घागरी, बादल्या, परातीसुद्धा, या हातातून त्या हातात, आणि तोंडानं नाम. नामाच्या ठेक्यावर घागर सरकायची, म्हणून एकही सांडली नाही, असं बुवा सांगत. मुकादम बाहेरचा होता. त्यानं विचारलं होतं, “काका, पाणी खारं आहे ना हे?” आणि केशवराव म्हणाले होते, “खारं असन, पन देवाच्या विहिरीचं हाये. पवित्र हाये.” हे वाक्य आलं की मांडवात टाळ्या पडत. बायका पदर डोळ्याला लावत. प्रतीक्षानंही दरवर्षी लावला होता. त्या रांगेत ती तांब्या घेऊन उभी होती. तो तांब्या पुलात आहे, या विचारानं तिला अमरावतीच्या परक्या घरी, परक्या गर्दीत, किती वेळा धीर आला होता. तो तांब्या पुलात होता, हे खरंच होतं.

आणि उद्या काला होता.

काल्याच्या दिवशी कीर्तन आटोपलं की बोरटेकची दिंडी पुलाच्या या तोंडाशी येते, पल्याडच्या दापुरीची त्या तोंडाशी, आणि दोन्ही पुलाच्या मधोमध भेटतात. तिथं हंडी फुटते. तिथं पावली होते. शेकडो माणसं टाळांच्या एका ठोक्यावर एकदम उडी घेतात आणि एकदम खाली येतात. लहानपणी त्या उड्यांनी पूल पायाखाली हलायचा आणि पोरं किंचाळून हसायची. आजी म्हणायची, पूल बी नाचून राह्यला.

प्रयोगशाळेच्या मुख्य सरांच्या केबिनमध्ये ती बसली नाही. सर सज्जन होते, ऐकून घेतलं, चष्मा काढला. “प्रतीक्षा, तू बरोबर आहेस, मी नाही म्हणत नाही. पण आपण तपासणारे. गेल्या पावसाळ्यात तिकडं दूर पूल पडला म्हणून सगळ्या जुन्या पुलांचे नमुने आले आपल्याकडं. आपण रिपोर्ट देतो, पूल बंद करणारे दुसरे. सोमवारी सही करतो, जातो रिपोर्ट.”

“सर, उद्या तिथं पावली आहे.”

“पावली म्हणजे?”

तिनं सळईचा तुकडा पर्समध्ये टाकला आणि सरळ स्टँडवर येऊन अकोल्याची एसटी धरली. खिडकीजवळची जागा मिळाली. बडनेरा गेलं, मग कापसाची रानं, तुरीची तोडलेली खुंटं, मध्येच हरभऱ्याचा हिरवा चौकोन. रस्त्यात नाल्यावरचा प्रत्येक पूल आला की गाडीचं चाक सांध्यावरून धाडकन जायचं, आणि तिच्या पोटात ते वाजायचं. याच्या पोटात काय असेल, त्याच्या पोटात काय असेल. बाकीचे प्रवासी डुलक्या घेत होते, समोरची बाई नातवाला संत्र्याची फोड सोलून देत होती, सगळे आपापल्या विश्वासावर बसलेले. तिला वाटलं, आपण सगळे कोणाच्या तरी जुन्या मायेवरूनच चाललेलो आहोत, आणि त्या मायेत कोणी काय कालवलं होतं ते कोणीही बघितलेलं नाही. मग स्वतःच्या मनाची शरम वाटली. पांडुरंगा, असलं काही सुचवू नको, म्हणून ती मनात नाम घेऊ लागली. आणि नाम घेताच त्याला घागरींचा ठेका आला. मूर्तिजापूरच्या स्टँडवर चहावाल्यानं ग्लास खिडकीतून दिला. चहा चांगला होता, फाटलेला नव्हता, आणि तरी तिनं ग्लास तसाच परत दिला.

अकोल्याच्या बांधकाम खात्याच्या कचेरीतले साहेब उठायच्या बेतात होते. थकलेला माणूस, टेबलावर अर्धा खाल्लेला समोसा तसाच. तिनं सळईचा तुकडा पुढं ठेवला. त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“बाई, मी हे पाहून खोटं बोलू शकत नाही. पण कागदाशिवाय पूल कसा बंद करू? अन् उद्याच? काल्याच्या दिवशी? माहा जीव राहीन काय तिथं?” मग आवाज उतरवून म्हणाले, “बोर्ड लावतो आजच. दोन ड्रम आडवे ठेवाले सांगतो. एवढं माह्या हातात हाये. तुमी गावच्याच न? मंग तुमी सांगा. आमचं नाई आयकत, तुमचं आयकतीन.”

गावाकडची शेवटची गाडी निघून गेली होती; संध्याकाळी अकोल्यातल्या मैत्रिणीच्या घरून तिनं भावाला फोन लावला. शेखर गावातच शेती करतो, सप्ताहाच्या पंगतींचं सगळं त्याच्याकडं. मागून भांड्यांचा, माइकच्या हॅलो-हॅलोचा गलका ऐकू येत होता.

“शेखर, पुलावर ड्रम ठेवले काय कोनी?”

“हो न ताई! बरं झालं. पंगतीले पानी भराले ड्रम कमीच पडून राह्यले होते, दोन्ही घेऊन आलो.”

ती हसली. हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. तिनं त्याला सगळं सांगितलं. “ताई,” तो म्हणाला, “मी माइकवर सांगतो, पुलावर गर्दी करू नका मनून. पन ते तं दरसाल सांगतो. कोनी आयकत नाई. बाबाचंच आयकतीन. बाबाले तू सांग. मले नाई जमनार.” आणि मग, “पान्याचं बी सांगशीन काय त्याईले?”

हेच तर होतं. बाबांना पूल धोक्याचा आहे म्हटलं तर ते हसतील. आपल्या हातानं पाणी पाजलेला पूल. का, ते सांगावंच लागेल. आणि ते सांगणं म्हणजे त्यांच्या आयुष्यातून एकच उभा खांब काढून घेणं. त्यांनी दुसरं काय कमावलं होतं? आई लवकर गेली, डोळे अधू झाले, सोबतीचे एकेक करून गेले. उरला होता तो एक दिवस, जो दरवर्षी मांडवात परत यायचा आणि त्यांना पुन्हा तरणं करून जायचा. रात्र तिनं कूस बदलत काढली. मधून मधून वाटायचं, पूल इतकी वर्षं उभा आहे, उद्याचा एक दिवस नाही का उभा राहणार. देव आहे की. या विचारानं जरा डोळा लागायचा, आणि डोळा लागला की ती चघळलेली काडी दिसायची.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती बोरटेकच्या फाट्यावर उतरली. गावात शेणसड्याचा, बुक्क्याचा, फोडणीचा वास एकत्र झालेला. बाबा अंगणात आंघोळ आटोपून, पांढरं धोतर नेसून गंध लावत बसले होते. सात दिवस अखंड चाललेली वीणा आज शेवटच्या पहाऱ्याला त्यांच्याच गळ्यात यायची, तोच मान. ती वीणा सप्ताहभर जमिनीला लागत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, झोप आली तरी, पाय सुजले तरी. वीणेकऱ्याच्या पुढं कोणी पाऊल टाकत नाही.

“आली काय माय?” ते तिच्या आवाजाच्या दिशेनं हसले. हात चाचपून हातात घेतला, बोटं डोळ्यांजवळ नेली. “बोटाले बुक्का लागला वाटते. आल्या आल्या दर्शन करून आली?”

“बाबा, माह्यासंग जरा पुलावर चाला.”

“आता? कीर्तन उभं राह्याची येळ झाली.”

“आताच.”

तिच्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, ते उठले. दोघं हळूहळू उतारानं गेले. नदी खालच्या बंधाऱ्यामुळं तुडुंब; बगळे बसलेले. पुलाच्या कठड्याला पोरांनी आंब्याची पानं बांधली होती. तिथं, पुलाच्या तोंडाशी, ती बोलली. आधी सळईचं, मग मिठाचं, मग मीठ कुठून आलं त्याचं. बोलताना ती बाबांकडं बघत नव्हती. तिचं संपलं तेव्हा ते म्हणाले, “तुमच्या मशिनीले काय समजते, कोन्त्या विहिरीचं पानी ते?”

तिनं कठड्याच्या पायथ्याची पांढरी खरपुडी नखानं खरवडली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. मग तीर्थ घेतात तशी हाताची ओंजळ करून, मान खाली घालून, त्यांनी ती जिभेला लावली. प्रतीक्षाला वाटलं, आता चेहरा बदलेल. बदलला नाही. फक्त ओठ मिटले ते मिटलेच, आणि गळ्याची घाटी एकदा खाली-वर झाली. त्यांनी गिळलं.

“तुही माय,” ते म्हणाले, “पहिल्या दिवशी असंच तोंडात धरून बसली होती.” आणि वळून चालू लागले.

मग ती मांडवात बायकांच्या बाजूला बसली. बाबा काय करणार, तिला माहीत नव्हतं. त्यांच्या गळ्यात वीणा आली, ते बुवांच्या शेजारी उभे राहिले, नेहमीसारखे ताठ. बुवा तरुण होते, आवाज कमालीचा गोड, पखवाजाची थाप अशी की पोटातलं भय विरघळावं. कृष्णानं सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाची ताजी, कोणाची शिळी, कोणाची आंबलेली, आणि कोणाला न विचारता सगळ्यांना एकच घास दिला, असं बुवा सांगत होते. आणि इतक्या काळजीतही तिचा जीव त्या सुरांमागं ओढला गेला, लहानपणी जायचा तसाच. काय करावं या गोडीला! बुडतानासुद्धा माणसाला गोडच लागते ती. मग दृष्टांत आला. विहीर आली, टँकर आला, घागरी आल्या. “अन् मग आपले केशवराव बाबा काय म्हणाले?” बुवांनी हात पुढं केला. सगळा मांडव एका आवाजात म्हणाला, “देवाच्या विहिरीचं हाये! पवित्र हाये!” टाळ्या पडल्या. बाबांनी वीणेची तार छेडायचं थांबवलेलं होतं, हे फक्त तिलाच दिसलं.

दिंडी निघाली. शेखर माइकवर ओरडत होता, पुलावर गर्दी करू नका, भाविकहो, पुलावर गर्दी करू नका, आणि माणसं हो हो म्हणत पुढं सरकत होती. प्रतीक्षा कडेकडेनं धावत पुढं गेली. पलीकडून दापुरीची पताका दिसली, तिच्याखाली म्हातारे वीणेकरी भगवंतराव, बाबांचे जन्माचे सोबती. दोन्हीकडचे टाळ एकमेकांत मिसळू लागले. पुलाच्या तोंडाशी बाबा आले. आले आणि थांबले. मागची गर्दी त्यांच्या पाठीवर येऊन थांबली. त्यांनी गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढला, वीणा दोन्ही हातांत आडवी धरली, आणि खाली वाकून ती रस्त्यावर, धुळीत, पुलाच्या तोंडाला आडवी ठेवली. मग तिच्यामागं मांडी घालून बसले.

टाळ बंद पडले. एवढ्या माणसांत एक लहान मूल रडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. वीणा जमिनीला! कोणी पुढं होईना. वीणा ओलांडणार कोण? थांबले. थांबले सगळे.

पण पलीकडून हे वेगळं दिसलं. वीणेकरी कोसळल्याशिवाय वीणा जमिनीला लागत नाही, हे दापुरीच्या लेकरालाही ठाऊक. “केशवराव पडले!” पलीकडून कोणीतरी ओरडलं. आणि सगळी दापुरी, पताका, पखवाज, कडेवरची पोरं, भगवंतराव स्वतः, सगळी पुलावरून धावत निघाली. प्रेमानं धावत निघाली. प्रतीक्षा हात वर करून किंचाळली, “नका येऊ! थांबा!” ते ऐकून ते आणखी जोरात धावले. तिनं डोळे मिटून घेतले आणि पायांनी ऐकू लागली. जमीन हलत होती. तिला आतलं दिसत होतं, एकेक काडी, एकेक. आणि तिच्या तोंडात ती चव भरून आली होती. देवा, देवा, देवा, एवढंच. नाम नाही, ठेका नाही.

पूल राहिला.

भगवंतराव धापा टाकत बाबांपाशी येऊन बसकलेच. “अरे केशव्या! जिता हायेस! मंग वीना काहून खाली ठेवली रे लेका? जीव गेला असता माहा!”

बाबांनी त्यांचा हात धरला. सगळ्यांकडं तोंड करून ते म्हणाले, “पुलात पानी आपलं हाये...” आणि पुढचं बोलायच्या आत गर्दीतून आरोळी उठली, “आपलंच हाये, बाबा! आपलंच!” टाळ्या, टाळ, पखवाज. “खारं पानी...” त्यांचे ओठ हलताना तिला दिसले. बुवांनी तेवढ्यात नामाचा गजर सुरू केला होता. बाबांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. प्रतीक्षानं केला. जो तो तिच्याकडं मायेनं बघत होता. एकानं तर डोक्यावर हात ठेवला. “पोरी, आता तुह्या डोयासमोर सारी दापुरी धावत आली. काई झालं काय? देवाचा पूल हाये.” यापुढं कुठला रिपोर्ट, कुठला फवारा. पूल उभा राहिला होता, आणि यासारखा वाईट पुरावा दुसरा नव्हता.

बाबा मात्र उठले नाहीत. हंडी अल्याडच फुटली, जमिनीवर. दापुरीचे लोक परत निघाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “जायाचंच असन तं वीना वलांडून जा.” कोणी गेलं नाही. “आमच्या गावी जेवा, मंग ट्रॅक्टरनं दुरून जा. एक दिवस पाव्हने व्हा.” म्हातारा चळला, असं कोणी कुजबुजलं, कोणी बाबांच्या पाया पडलं, पण जेवून, कुरकुरत, हसत सगळे ट्रॅक्टरनं लांबच्या रस्त्यानं गेले. भगवंतरावांनी जाताना खांद्यावरचं उपरणं काढून बाबांच्या गुडघ्यावर टाकलं.

दिवस कलला. शेखर ताट घेऊन आला, ते तसंच निवत पडलं. “बाबा, चाला आता. वीना उचला.”

“उद्या सकायी शाळेची गाडी जाते न यावरून?”

“जाते.”

“मंग?” त्यांनी हात लांबवून वीणा जराशी सरळ केली, रस्त्याला नीट आडवी. “घोंगडी आनून दे.”

प्रतीक्षा उभी होती. फोनवर सरांचा निरोप होता, सोमवारी नक्की. तिनं पुलाकडं पाहिलं. रिकामा, उन्हाच्या शेवटच्या पिवळ्या उजेडात गुळगुळीत, देखणा. आणि पलीकडच्या तोंडाशी, दूर, एक मोटरसायकल थांबली होती. मागं बाई बसलेली, मांडीवर लेकरू. एका म्हाताऱ्याला पुलाचं एकच तोंड अडवता येतं. मोटरसायकलचा दिवा लागला. तिनं हात उंच करून हलवले. मोटरसायकलवाल्यानंही हलवला, ओळखीचं समजून.

तिनं चपला काढल्या, वीणेपाशी ठेवल्या. “बाबा, मी त्या तोंडाशी बसतो,” ती म्हणाली. त्यांनी तिच्या काळ्या बोटांना आपलं कपाळ टेकवलं. वीणेच्या टोकाला वळसा घालून, कठड्याला धरून, ती पुलावर गेली. मागून बाबांचा आवाज आला. थकलेला, पण सुरात. त्यांनी नाम धरलं होतं, तोच जुना ठेका, घागरींचा. तिचे पाय आपोआप त्यात पडू लागले. तशी पावलीच्या एकसाथ उड्यांनी हलणारा पूल आठवून ती दचकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, एकेक पाऊल मुद्दाम ताल चुकवत, अनवाणी, पलीकडं चालू लागली.